डॉक्युमेंट डेटाबेसची रचना

एकत्र वाचली जाणारी माहिती एकाच नोंदीत, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये, ठेवण्याची पद्धत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवून वाचताना जोडतात; मोंगोडीबी, काउचडीबी यांत ती जेसनसारख्या रूपात आधीच एकत्र असते. म्हणून कोण, काय आणि किती वेळा मागणार, हे रचनेआधी ठरवावे लागते.

सातबारा हे याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. (शासकीय प्रणालीचे हे वर्णन नव्हे.) भातसा धरणालगतच्या भातसानगर परिसरातला (ता. शहापूर, जि. ठाणे) एखादा गट घ्या. क्षेत्र, आकार, भोगवटादार, कुळ, इतर हक्क हे सारे उतारा मागणाऱ्याला एकदमच हवे असते. तेव्हा गटाला एक डॉक्युमेंट करावे आणि खातेदार त्यातच ॲरे म्हणून ठेवावेत; सामाईकात वीस-पंचवीस नावे असली तरी बिघडत नाही. फेरफार मात्र आत कोंबू नयेत. एकच फेरफार अनेक गटांना लागू पडतो, म्हणून त्यांचे कलेक्शन वेगळे आणि खातेदाराच्या नावापुढे फक्त क्रमांक. कागदी सातबाऱ्यानेही हेच केले होते: मूळ नोंद गाव नमुना सहामध्ये, उताऱ्यावर तिचा क्रमांक.

पिकांची माहिती दर हंगामात वाढते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी भात, नागली स्वतः मोबाइलवरून नोंदवतो. सतत वाढणारा ॲरे डॉक्युमेंट जड करतो (मोंगोडीबीत मर्यादा १६ मेगाबाइट), म्हणून गटाचे दर वर्षाचे पीक-डॉक्युमेंट स्वतंत्र असावे.

आठ-अ म्हणजे तीच माहिती खातेदारानुसार. ही पुनरुक्ती वाचायला सोयीची, पण लिहिताना महाग पडते. वारसनोंद झाली की संबंधित प्रत्येक गट आणि आठ-अ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलले पाहिजेत. अनेक डॉक्युमेंटांसाठी ही सोय मोंगोडीबीत २०१८ मध्ये आली. बदल अर्धवट राहिला, तर विधवेचे नाव एका उताऱ्यावर लागते आणि दुसऱ्यावर राहून जाते.

प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये वेगळी फील्ड असू शकतात, ही लवचिकता इथे जपून वापरावी. शहापूर तालुक्यात आदिवासी खातेदार पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार त्यांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. निर्बंधाचे फील्ड ऐच्छिक ठेवले आणि भरायचे राहिले, तर जमीन निर्वेध असल्याचा समज होतो. ते सक्तीचेच हवे: ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहिल्याशिवाय डेटाबेसने नोंद स्वीकारू नये.