कीरोची कातडी पोथी

पोथी माणसाच्या कातड्यावर लिहिलेली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ब्राह्मणांनी! चिपळूण तालुक्यातल्या एखाद्या जुन्या भिक्षुकाला ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्याने आधी कानांवर हात ठेवले असते आणि मग विचारले असते, "अहो, पण ती वाचून झाल्यावर आंघोळी किती करायच्या?" लंडनमध्ये हा प्रश्न कोणालाच पडला नाही. तिथे ती पोथी छान खपली.

खपवणाऱ्याचे नाव कीरो. खरे नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म 1866चा, आयर्लंडमधला. पुढे तो स्वतःला काउंट लुई हॅमन म्हणवून घेऊ लागला, आणि धंद्यासाठी 'हात' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने कीरो हे नाव घेतले. 1890च्या दशकात लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या बड्या बड्या मंडळींनी त्याच्यापुढे तळहात पसरले. त्यांत मार्क ट्वेन होता, ऑस्कर वाइल्ड होता, नटी सारा बर्नहार्ट होती आणि पुढे 'टायटॅनिक'बरोबर बुडालेला संपादक डब्ल्यू. टी. स्टेडही होता. ही विद्या शिकलात कुठे, या प्रश्नाला त्याचे उत्तर होते हिंदुस्थान. त्यातही कोकण.

त्याच्या चरित्रात येणारी कथा अशी. पोरवयातच तो घर सोडून मुंबईला आला. अपोलो बंदरावर, म्हणजे आपल्या पालवा बंदरावर, त्याला एक चित्पावन ब्राह्मण भेटला. त्याने या गोऱ्या पोराला कोकणातल्या एका खोऱ्यात आपल्या गावी नेले, हात पाहायला शिकवले आणि ब्राह्मणांच्या ताब्यातला एक प्राचीन ग्रंथही बघू दिला. कीरोने आपल्या पुस्तकात त्या ग्रंथाचे वर्णन केले आहे. तो जुन्या लेण्यांतल्या देवळात ठेवलेला, पाने मळकट पिवळ्या मानवी कातड्याची आणि त्यांवर न विटणारी तांबडी अक्षरे. दोन वर्षांनी पोरगा तयार होऊन विलायतेला परतला. गावाचा पत्ता मात्र कथेत नाही.

कोकणातले खोरे आणि चित्पावन असे दोन शब्द एका दमात आले की चिपळूणची वाशिष्ठी आणि जवळचे परशुराम आठवायचेच. त्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. गावाच्या नावात सुपारीचे झाड असले, तरी आज ते कोयनेच्या वीजघरामुळे ओळखले जाते. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातून खाली येते, वीज करते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळते. शेजारच्या कोळकेवाडीत किल्लाही आहे आणि धरणही. कीरो या बाजूला आल्याचा काडीचा पुरावा नाही. तसा तो कोकणातल्या कुठल्याच गावात आल्याचा नाही. पण त्याची कथा लंडनच्या दिवाणखान्यातून उचलून पोफळीच्या एखाद्या ओटीवर आणून ठेवली, की तिचे टाके उसवायला फार वेळ लागत नाही.

पहिला टाका कातड्याचा. कोकणातल्या पोथ्या हातकागदावर बोरूने लिहिल्या जात. समास आखायला आणि अध्यायाचा शेवट उठून दिसायला हिंगुळाची तांबडी शाई वापरत. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये दाबून रुमालात बांधत आणि पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून मधूनमधून ऊन दाखवत. म्हणजे तांबडी अक्षरे खरी असू शकतात. कातडे मात्र अशक्य. ज्या घरात चामड्याची वहाण ओटीखाली राहायची आणि कातडे कमावणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवण्याचे पाप बिनदिक्कत चालायचे, त्या घराने मेलेल्या माणसाची कातडी देव्हाऱ्याजवळ ठेवली, यावर विश्वास ठेवायला कोकणापासून हजारो मैल लांबच असावे लागते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हजारो हस्तलिखिते आहेत. ती कागदावर आहेत, ताडपत्रावर आहेत, भूर्जपत्रावर आहेत. कीरोच्या वर्णनातली पोथी आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही.

दुसरा टाका पाहुण्याचा. कीरो सांगतो तो काळ साधारण 1880च्या दशकातला. 1890मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात देऊन टाकली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही त्या चहाच्या कपाने प्रायश्चित्तापर्यंत नेले. शहरात, सुधारकांच्या गोटात ही अवस्था. अशा दिवसांत खेड्यातल्या चित्पावनाच्या घरी एक आयरिश पोरगा दोन वर्षे जेवतो-झोपतो आणि गावात ब्रसुद्धा निघत नाही! असे झाले असते तर त्या घरावर वाळीत पडण्याची पाळी आली असती आणि त्याची बातमी खाडीमार्गे मुंबईपर्यंत पोचली असती.

मग लंडनने ही कथा गिळली कशी? तिथल्या लोकांना तीच हवी होती. 1879च्या फेब्रुवारीत थिऑसॉफिकल सोसायटीचे मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईला उतरले, गिरगावात राहिले आणि अदृश्य महात्म्यांची पत्रे येऊ लागली. 1885मध्ये लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीसाठी रिचर्ड हॉजसनने त्या चमत्कारांना बनाव ठरवले. मागणी त्याने तसूभरही कमी झाली नाही. पाचच वर्षांनी, 1890च्या ऑगस्टमध्ये, 'शिकागो ट्रिब्यून'ने भारतातल्या दोरीच्या जादूचा वृत्तान्त छापला. फकीर दोरी हवेत फेकतो, पोरगा तिच्यावर चढतो आणि गडप होतो. चार महिन्यांनी त्याच पत्राने कबूल केले की बातमी रचलेली होती. लेखकाने साक्षीदाराचे टोपणनाव ठेवले होते एस. एल्मोर, म्हणजे 'जास्त खपवा' या इंग्रजी शब्दांवरची कोटी. कबुली कोणाच्या लक्षात राहिली नाही. उलट पुढे कित्येक वर्षे गोरे प्रवासी हिंदुस्थानात येऊन ती दोरी शोधत राहिले, आणि दाखवतो म्हणणारे त्यांना इथे भेटत राहिले.

कीरोने ही हवा नेमकी ओळखली. हात त्याने चांगले पाहिले असतील, माणसे तर नक्कीच चांगली ओळखली असतील. पण त्याच्या दुकानातला खरा माल होता कोकणातला गुरू.

आता पोफळीच्या बाजूने पाहू. या मुलखात भविष्य सांगणारे नव्हते असे नाही, चिक्कार होते. ग्रामदेवतेच्या देवळात गुरव आजही कौल लावतो. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि उजवा आधी पडतो की डावा, त्यावरून होकार-नकार समजायचा. पहाटे कंदील घेऊन पिंगळा येई. पंचांग काखेत मारून कुडमुडे जोशी येत. त्यांच्या हातातल्या त्या लहानशा वाद्यावरूनच मराठीत कच्च्या ज्योतिषाला 'कुडमुड्या' म्हणायची रीत पडली. आणि येई नंदीबैल.

नंदीबैलाचा खेळ जवळून पाहण्यासारखा असतो. पाठीवर ठिगळाठिगळांची रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरांची माळ आणि कपाळावर कवड्या. मालक ढोलक्याच्या चामड्यावर वाकडी काठी घासतो आणि गुबुगुबु असा आवाज काढतो. "या घरात औंदा सनई वाजंल का?" बैल मान खालीवर करतो. "काही वंगाळ व्हईल का?" मान आडवी. बैलाला प्रश्न कळत नाही, त्याला कळतो आवाजातला फरक आणि वेसणीच्या दोरीला बसलेला हलकासा हिसका. अंगणातल्या बायकांनाही ते ठाऊक असते. तरी सुपात तांदूळ येतात, कारण बैल गोजिरा असतो, मालकाची बोली गोड असते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार असतो.

हे 'पुन्हा येणार' फार महत्त्वाचे. नंदीवाल्याला त्याच दारात परत उभे राहायचे असते, म्हणून तो मोघम बोलतो, थोडके मागतो आणि कोणाला घाबरवून नागवत नाही. गिऱ्हाईक आणि सांगणारा एकमेकांना ओळखतात. परक्या शहराच्या फुटपाथवर नेमकी हीच गोष्ट नसते. तिथला सांगणारा जाणून असतो की समोरचा माणूस परवाच्या विमानाने जाणार आहे.

कायद्यांनी मात्र बहुतेक वेळा गरीब फिरस्त्यालाच धरले. इंग्लंडच्या 1824च्या भटकेपणाच्या कायद्याने हात पाहून भविष्य सांगणाऱ्याला भामटा ठरवले. बड्यांच्या दिवाणखान्यात हात पाहणारा कीरो त्याच इंग्लंडमध्ये नावारूपाला आला. इकडे 1871पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का कायद्यातून पुसायला 1952 उजाडावे लागले. पुढे 1959च्या मुंबई भीक प्रतिबंध कायद्याने भिकेच्या व्याख्येत गाणे आणि नाचणे यांच्या जोडीला भविष्य सांगणेही घातले. 2013मध्ये, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात कशाला हात लावायचा नाही याची जी यादी आहे, तिच्यात जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीतले पाणी सांगणारे पाणाडे चक्क नाव घेऊन आले आहेत. विधिमंडळातल्या तडजोडीत का होईना, नंदीबैलाला अभय मिळाले.

भविष्यात तथ्य किती, हा प्रश्न महाराष्ट्राने मोजूनही पाहिला आहे. 2008मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि दाभोलकर यांनी हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना त्या ओळखायला सांगितल्या. प्रत्येकाला 40 पत्रिका दिल्या होत्या. 27 ज्योतिषांची उत्तरे आली आणि ती 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी 50च्या आसपास पडले असते. पोफळीच्या वर, कोयना परिसरात, 1967च्या भूकंपानंतर आजवर धक्के बसत आले आहेत. तिथे शास्त्रज्ञांनी जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडले, तरी पुढच्या धक्क्याची तारीख ते सांगत नाहीत. फुटपाथवरचा माणूस तीन मिनिटांत लग्नाची तारीख सांगतो.

तो फुटपाथ आज जगभर आहे, आणि कीरोच्या काळापेक्षा चित्र बरेच पालटले आहे. मुंबईत कुलाब्याला विदेशी पाहुण्याकडे बाई पैसे मागत नाही, कडेवरच्या बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा मागते. पाहुणा ठरलेल्या दुकानातून डबा घेऊन देतो आणि त्याची पाठ फिरली की डबा पुन्हा फळीवर जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर कान कोरणारा कानातून खडा काढून दाखवतो. तो खडा आधी त्याच्याच बोटांत असतो. जयपूर-आग्र्याकडून गोव्यात पोचलेला रत्नांचा फसवा सौदा त्याहून मोठा. ही रत्ने फक्त तुमच्या देशात पोचवा, घसघशीत नफा देतो, तूर्त हमी म्हणून कार्ड घासा. घरी पोचल्यावर कळते की पुडीत काचा आहेत.

आणि लंडन, बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग अशा शहरांत आता मराठी कुटुंब परदेशी पाहुणे असते. सहलीच्या दुसऱ्या दिवशी, गटापासून जरा मागे रेंगाळलेल्या माणसाला नीटनेटक्या कपड्यांतला कोणीतरी गाठतो. कपाळाकडे बघून म्हणतो, चेहरा फार नशीबवान आहे, पण मनाला शांती नाही. साठीच्या माणसाला हे दोन्ही पटते. मग तो एका कागदावर काहीतरी लिहितो, त्याची गोळी करतो आणि ती पाहुण्याच्या मुठीत देतो. एक ते पाचमधला आकडा? आवडते फूल? आईचे नाव? उत्तरे तो स्वतःच्या वहीत टिपतो. 'गोळी कपाळाला लावा, त्यावर फुंकर मारा' अशा काहीतरी विधीत ती क्षणभर त्याच्या बोटांतून जाते. उघडावी तर आत 3, गुलाब आणि आईचे नाव. बहुतेक जण 3 आणि गुलाबच म्हणतात, हा त्यातला फुकटचा भाग. आईचे नाव मात्र बदललेल्या गोळीत असते. पुढे पाकिटातून एखाद्या साधूचा किंवा अनाथाश्रमाचा फोटो निघतो आणि दक्षिणेचा आकडा पौंडांत किंवा डॉलरांत येतो. कमी दिले तर आवाज चढतो.

एवढे होऊनही यातला बहुतेकांना चटका लावून जाणारा भाग पैशांचा नसतो. आपल्या अंगणात नंदीबैलाची मान कशी हलते हे लहानपणापासून पाहिलेली माणसेच परदेशातल्या रस्त्यावर मुठीतल्या गोळीला फसतात, कारण तिथे 'आपल्याकडची विद्या' परक्या हवेत भेटते आणि ऊर भरून येतो. कीरोच्या गिऱ्हाइकांचेही थोडेफार असेच झाले होते, फक्त उलट्या दिशेने.

1936मध्ये कीरो हॉलिवूडमध्ये वारला. त्याच्या पुस्तकांची भाषांतरे मराठी वाचक आजही विकत घेतात. कोकणातून नेली म्हणून सांगितलेली विद्या अशी इंग्रजीतून फिरून परत आली आहे. ती पुस्तके वाचायला कोणाची ना नाही. पण विलायतेच्या फुटपाथवर कोणी मुठीत कागदाची गोळी दिलीच, तर आवडते फूल सांगण्याआधी मूठ उघडा आणि आत काय लिहिले आहे ते वाचा.