आभासी यंत्रांची संस्थात्मक उभारणी

आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेला दुसरा संगणक होय. अशा यंत्राला स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असल्याचे भासते. त्यावर स्वतंत्र संचालन प्रणाली बसवता येते आणि ती प्रत्यक्ष संगणकावर चालावी तशीच चालते. ज्या प्रत्यक्ष संगणकावर आभासी यंत्रे चालतात त्यास यजमान, त्यावर चालणाऱ्या यंत्रांना अतिथी यंत्रे आणि यजमानाची साधने त्यांच्यात वाटून देणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर असे म्हणतात.

महाविद्यालये, रुग्णालये, बँका, शासकीय कार्यालये आणि उद्योग अशा संस्थांमध्ये अनेक सेवा आभासी यंत्रांवर चालवल्या जातात. नवे यंत्र तयार करणे काही मिनिटांचे काम असले, तरी एकाच यजमानावर अनेक सेवा एकवटल्यामुळे तो बंद पडल्यास त्या सर्व सेवा एकदम थांबतात. म्हणून संस्थेसाठी आभासी यंत्रे उभारताना ती बसवण्याच्या कृतीइतकेच साधनांचे नियोजन, यंत्रांची परस्परांपासून अलगता आणि राखीव प्रतींची व्यवस्था यांनाही महत्त्व असते.

इतिहास

आभासी यंत्राची कल्पना वैयक्तिक संगणकापेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली वापरात आली. तिच्यातून पुढे सीपी-६७ आणि १९७२ साली जाहीर झालेली व्हीएम/३७० या प्रणाली विकसित झाल्या. महागडा मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा आणि प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच आहे असे वाटावे, हा त्यामागील हेतू होता. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखाद्या संगणकरचनेवर आभासी यंत्रे कार्यक्षमतेने चालवण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, याची औपचारिक मांडणी केली.

वैयक्तिक संगणकांत वापरल्या जाणाऱ्या एक्स८६ प्रोसेसरांची मूळ रचना या अटी पूर्ण करत नव्हती. त्यांतील काही संवेदनशील आज्ञा हायपरव्हायझरला सूचना न देताच पार पडत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञा चालू असतानाच भाषांतरित करण्याच्या तंत्राने ही अडचण दूर केली आणि १९९९ साली आपले पहिले उत्पादन बाजारात आणले. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या झेन या हायपरव्हायझरने २००३ साली वेगळा मार्ग दाखवला. त्यात अतिथी संचालन प्रणालीतच आवश्यक बदल केले जात. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली. या सोयीवर आधारलेले केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले, तर मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही २००८ साली आले.

प्रकार आणि कार्यपद्धती

हायपरव्हायझरचे परंपरेने दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारातील हायपरव्हायझर थेट यंत्रसामग्रीवर चालतो. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, झेन आणि हायपर-व्ही ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारातील हायपरव्हायझर एखाद्या नेहमीच्या संचालन प्रणालीवर इतर आज्ञावलींप्रमाणे बसवला जातो. व्हर्च्युअलबॉक्स हे त्याचे परिचित उदाहरण आहे. केव्हीएम लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असल्यामुळे त्याचे वर्गीकरण या दोहोंत काटेकोरपणे करता येत नाही.

अतिथी यंत्रातील बहुतेक आज्ञा प्रोसेसर थेट पार पाडतो. यंत्रसामग्रीच्या नियंत्रणाशी संबंधित आज्ञा आली की प्रोसेसर अतिथीचे काम थांबवून ताबा हायपरव्हायझरकडे देतो आणि तो आवश्यक ती कृती करून अतिथीला पुन्हा चालू करतो. अशी अदलाबदल जितकी कमी, तितका अतिथीचा वेग प्रत्यक्ष संगणकाच्या जवळ जातो.

नियोजन

उभारणीपूर्वी कोणत्या सेवा चालवायच्या, प्रत्येकीला किती साधने लागतात आणि ती बंद पडल्यास किती काळ चालू शकेल, याची नोंद केली जाते. प्रोसेसरचा वेळ अनेक यंत्रांत वाटून घेता येतो, कारण सर्व यंत्रे एकाच क्षणी पूर्ण भाराने क्वचितच चालतात. स्मृतीच्या बाबतीत मात्र अशी उधळपट्टी धोक्याची ठरते. स्मृती अपुरी पडल्यास यजमान तिचा काही भाग डिस्कवर हलवतो आणि त्यावरील सर्व यंत्रे मंदावतात.

उदाहरणादाखल, एखाद्या संस्थेकडे प्रत्येकी १२८ जीबी स्मृतीचे तीन यजमान आहेत असे समजू. प्रत्येकावर १६ जीबी यजमानाच्या स्वतःच्या कामासाठी राखल्यास प्रत्येकी ११२ जीबी, म्हणजे एकूण ३३६ जीबी उरते. परंतु एक यजमान बंद पडल्यावर त्यावरील यंत्रे उरलेल्या दोघांना सामावून घ्यायची असतील, तर प्रत्यक्षात २२४ जीबीच वाटता येते; म्हणजे प्रत्येक यजमानावर सरासरी सुमारे ७५ जीबी. उरलेली स्मृती रिकामी दिसत असली, तरी ती बिघाडाच्या दिवसासाठी राखलेली असते. ती नव्या यंत्रांना दिली की एका यजमानाचा बिघाड सोसण्याची क्षमता संपते, आणि ही गोष्ट बिघाड होईपर्यंत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

एकाच सेवेच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या यजमानांवर ठेवणे, हाही नियोजनाचाच भाग आहे. मुख्य आणि पर्यायी विदागार एकाच यजमानावर असल्यास पर्याय असूनही त्याचा उपयोग होत नाही.

परवान्यांचा विचारही आधीच करावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. त्यानंतर अनेक संस्थांनी केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त स्रोत पर्यायांचा विचार सुरू केला.

प्रतिष्ठापना

लिनक्स यजमानावर केव्हीएमची उभारणी साधारणपणे पुढील क्रमाने होते.

१. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय संगणकाच्या बायोस किंवा यूईएफआय मांडणीत चालू केली जाते. अनेक संगणकांत ती मुळात बंद ठेवलेली असते.

२. यजमानावर लिनक्स बसवून त्यात क्यूईएमयू आणि लिब्व्हर्ट या आज्ञावली जोडल्या जातात. केव्हीएम प्रोसेसरचा वापर शक्य करते, क्यूईएमयू डिस्क व नेटवर्क कार्ड यांसारखी उपकरणे भासवते आणि लिब्व्हर्ट यंत्रांचे व्यवस्थापन करते.

३. अतिथी यंत्रांच्या डिस्क ठेवण्यासाठी जागा ठरवली जाते. ही जागा यजमानाच्या स्वतःच्या संचालन प्रणालीपासून वेगळी ठेवणे हिताचे असते.

४. नेटवर्कची जोडणी निश्चित केली जाते.

५. आभासी यंत्राची व्याख्या करून, संचालन प्रणालीची प्रतिमा त्यास जोडून ती नेहमीप्रमाणे बसवली जाते.

आभासी डिस्क व नेटवर्क कार्ड यांसाठी व्हर्टिओ ही पद्धत वेगवान ठरते, कारण तीत अतिथीला आपण आभासी आहोत हे ठाऊक असते आणि जुन्या उपकरणांची हुबेहूब नक्कल करण्याचा भार वाचतो. लिनक्समध्ये तिचे चालक अंतर्भूत असतात. विंडोजच्या प्रतिष्ठापनेत ते नसल्यामुळे डिस्क दिसतच नाही. अशा वेळी चालकांची प्रतिमा दुसरी सीडी म्हणून जोडावी लागते. नवशिक्यांना हमखास भेटणारी ही अडचण आहे.

संरूपण

डिस्क: आभासी डिस्क ही बहुधा यजमानावरील एक फाइल असते. वापराप्रमाणे वाढत जाणाऱ्या फाइलमुळे सुरुवातीला जागा वाचते. मात्र सर्व यंत्रांना दिलेल्या जागेची बेरीज प्रत्यक्ष जागेहून अधिक असल्यास यजमानाची डिस्क एक दिवस भरते आणि त्यावर लिहू पाहणारी यंत्रे स्थगित होतात. म्हणून शिल्लक जागेवर सतत लक्ष ठेवावे लागते.

प्रोसेसर: यंत्राला अधिक आभासी प्रोसेसर दिल्याने ते नेहमीच वेगवान होते असे नाही. यजमानावर गर्दी झाल्यास अतिथीला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. ही प्रतीक्षा लिनक्स अतिथीमध्ये मोजता येते आणि तिच्यावरून यजमानावरील ताण कळतो.

नेटवर्क: लिब्व्हर्टच्या मूळ मांडणीत अतिथी यंत्रे १९२.१६८.१२२ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांवर असतात. ती बाहेर संपर्क साधू शकतात, पण बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. संस्थेला सेवा पुरवणाऱ्या यंत्रांसाठी यजमानावर ब्रिज, म्हणजे नेटवर्कचा पूल, तयार केला जातो. त्यामुळे अतिथी यंत्र संस्थेच्या नेटवर्कमध्ये स्वतंत्र संगणकाप्रमाणे दिसते.

वेळ: अतिथी यंत्र काही काळ थांबवले किंवा पूर्वस्थितीत नेले की त्याचे घड्याळ मागे पडू शकते. चुकीच्या वेळेमुळे लॉगिन नाकारले जाणे, प्रमाणपत्रे अवैध ठरणे आणि नोंदींचा क्रम बिघडणे असे दोष उद्भवतात. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवून ठेवणे अपेक्षित आहे. याच निर्देशांत प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचीही तरतूद आहे.

नमुना यंत्रे आणि प्रतिरूपे

प्रत्येक यंत्र नव्याने बसवण्याऐवजी एक नमुना यंत्र तयार करून त्याची प्रतिरूपे काढली जातात. प्रतिरूप काढण्यापूर्वी नमुन्यातील ओळखचिन्हे पुसणे आवश्यक असते. लिनक्समध्ये यंत्राचा ओळखक्रमांक आणि एसएसएचच्या कळा, तर विंडोजमध्ये सिसप्रेप या साधनाने पुसली जाणारी माहिती यांचा त्यात समावेश होतो. तसे न केल्यास दोन यंत्रांना एकच नेटवर्क पत्ता मिळणे किंवा एका यंत्राच्या चोरीला गेलेल्या कळेने सर्व यंत्रांची विश्वासार्हता धोक्यात येणे असे प्रकार घडतात.

स्नॅपशॉट आणि राखीव प्रत

यंत्राची एखाद्या क्षणीची स्थिती टिपून ठेवण्यास स्नॅपशॉट म्हणतात. अद्ययावतीकरणापूर्वी स्नॅपशॉट घेतल्यास बिघाड झाल्यावर क्षणात मागे जाता येते. तथापि, स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे. तो बहुधा मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. ती डिस्क गेली की स्नॅपशॉटही जातो. दीर्घकाळ ठेवलेले स्नॅपशॉट जागा व्यापतात आणि वेग घटवतात. इतर सर्व्हरांशी माहितीची सतत देवाणघेवाण करणारे यंत्र, उदाहरणार्थ विंडोजचा डोमेन कंट्रोलर, अविचाराने जुन्या स्नॅपशॉटवर नेल्यास माहितीत विसंगती निर्माण होऊ शकते; विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यावर अंशतः संरक्षण उपलब्ध झाले.

राखीव प्रतींबाबत तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्य ठिकाणी, हा संकेत प्रचलित आहे. चालू यंत्राची प्रत घेताना विदागाराचे अर्धवट लिहिलेले व्यवहार तिच्यात येऊ नयेत यासाठी अतिथीमधील साहाय्यक आज्ञावली काही क्षण लेखन थांबवते. प्रत घेतली जाते एवढ्यावर व्यवस्था पूर्ण होत नाही. त्या प्रतीवरून यंत्र पुन्हा उभे राहते का आणि त्यास किती वेळ लागतो, याची ठराविक काळाने चाचणी घेतल्यावरच तिची विश्वासार्हता कळते.

चालू स्थितीतील स्थलांतर

आभासी यंत्र न थांबवता एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवण्याच्या क्रियेस चालू स्थितीतील स्थलांतर म्हणतात. यंत्राची स्मृती आधी पाठवली जाते. त्या काळात बदललेले भाग पुन्हा पाठवले जातात आणि शेवटी क्षणभर यंत्र थांबवून उरलेला भाग हलवला जातो. यासाठी दोन्ही यजमानांना यंत्राची डिस्क उपलब्ध असणे किंवा तीही सोबत हलवणे, आणि दोन्हींच्या प्रोसेसरांत सुसंगती असणे गरजेचे असते. यजमानाच्या देखभालीसाठी हे तंत्र उपयुक्त आहे. मात्र यजमान अचानक बंद पडल्यास ते कामी येत नाही. तेव्हा यंत्र दुसऱ्या यजमानावर नव्याने सुरू करावे लागते.

सुरक्षा

हायपरव्हायझरमधील दोष हा त्यावरील सर्वच यंत्रांचा धोका ठरतो. २०१५ साली उघडकीस आलेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूमधील आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या आज्ञावलीत होता. त्याचा गैरफायदा घेऊन अतिथी यंत्रातून यजमानापर्यंत पोहोचणे शक्य होते. वापरातून गेलेल्या उपकरणाची नक्कलही आधुनिक यंत्रणेचे दार ठरू शकते, हे त्यातून दिसले. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी प्रोसेसरच्या पातळीवरील अलगतेच्या मर्यादा उघड केल्या.

यजमानाचे व्यवस्थापन वेगळ्या नेटवर्कवरून करणे, अनावश्यक उपकरणे काढून टाकणे आणि यजमान अद्ययावत ठेवणे हे मूलभूत उपाय होत. विस्मरणात गेलेली यंत्रे हा आणखी एक धोका आहे. चाचणीसाठी तयार केलेले आणि नंतर कोणी न पाहिलेले यंत्र अद्ययावत होत नाही, पण नेटवर्कवर चालूच राहते. म्हणून प्रत्येक यंत्राचा हेतू, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांची नोंद ठेवली जाते.

शिक्षण आणि सराव

आभासी यंत्रांचा सराव साध्या वैयक्तिक संगणकावरही करता येतो. व्हर्च्युअलबॉक्सवर दोन छोटी लिनक्स यंत्रे उभारून त्यांना एकमेकांशी जोडणे ही सोपी सुरुवात ठरते. पुढे नमुना यंत्रापासून प्रतिरूपे काढणे, डिस्क मुद्दाम भरू देऊन परिणाम पाहणे, एक यंत्र पूर्ण पुसून राखीव प्रतीवरून परत उभे करणे असे प्रयोग करता येतात. प्रत्यक्ष सर्व्हरवर जी चूक संस्थेचे काम बंद पाडते, तीच येथे काही मिनिटांत सुधारता येते.

भाडेतत्त्वावर आभासी यंत्रे पुरवणाऱ्या क्लाउड सेवांवरही सराव शक्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई येथे आपली विदाकेंद्रे सेवेसाठी खुली केली. क्लाउडमध्ये यजमानाची देखभाल पुरवठादार करतो. अतिथी यंत्राची मांडणी, सुरक्षा आणि राखीव प्रती यांची जबाबदारी मुख्यतः वापरणाऱ्या संस्थेकडेच राहते.

हे सुद्धा पहा

हायपरव्हायझर
क्लाउड संगणन
लिनक्स
संचालन प्रणाली