अठ्ठावीस जणांचा वर्ग

१९४६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये आठ आठवड्यांचा एक वर्ग भरला. विषय होता, इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र कसे बांधावे. विद्यार्थी अवघे २८. गणिती आणि इंजिनिअर एकाच बाकावर बसले. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांना बोटीवर वेळेत जागा मिळेना. ते पोचले तेव्हा वर्ग संपत आला होता. तरी परतीच्या बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडला, आणि ६ मे १९४९ रोजी त्यांच्या ‘एडसॅक’ने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले. १९५३ साली केंब्रिजने या विद्येची पदविकाच सुरू केली.

परंतु त्याच मूर स्कूलमध्ये ‘एनिॲक’ हे यंत्र सहा स्त्रियांनी नकाशे वाचून, तारा जोडून गणिताला लावले होते. गौरवाच्या यादीत त्यांची नावे आली ती १९९७ साली!

१९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले, की क्वांटम गणक प्रचंड संख्यांचे अवयव झपाट्याने पाडू शकेल. त्या विद्येसाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१४ साली डॉक्टरेटचे केंद्र निघाले. तेथे भौतिकी, गणित व अभियांत्रिकी यांचा संगम आहे.

हे उत्तमच झाले. मात्र कामगारांत वावरलेल्या माझ्यासारख्याला एकच विचारावेसे वाटते: तारा जोडणाऱ्या हातांना या वर्गात बाक मिळणार का, की त्यांनी पुन्हा पन्नास वर्षे थांबायचे?