मेषशृंगी नेमकी कोणती?

घरी जांभळाची, करवंदांची वाइन करणाऱ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "कौटिल्याचे मैरेय करून पाहायचे आहे. मेषशृंगीची साल कुठे मिळेल?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मी अडकलो.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील २५व्या अध्यायात सुराध्यक्षाची कामे सांगताना मद्यांच्या कृतीही दिल्या आहेत. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. आसवासाठी एक तुला कवठ, पाच तुला फाणित, म्हणजे आटवलेला उसाचा रस, आणि एक प्रस्थ मध. मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा गूळ घालून आंबवायचा. जोडीला पिंपळी आणि मिरी, किंवा त्रिफळा. ही साल कोणत्या वनस्पतीची, हे सांगायला तिथे नावाखेरीज काही नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ती ठाऊकच असणार.

मेषशृंग म्हणजे मेंढ्याचे शिंग. महाराष्ट्रात वाकड्या शेंगांच्या एका झाडाला मेडशिंगी म्हणतात; ते टेटूच्या कुळातले. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात मात्र मेषशृंगी म्हणजे गुडमार. ही रुई-कण्हेरीच्या कुळातली वेल असून तिची पाने चघळली की काही वेळ गोड चव कळत नाही. एक झाड, एक वेल, आणि कुळेही निराळी. नाव दोन हजार वर्षे टिकले, पण त्यामागची वनस्पती कोणती याबद्दलची खात्री टिकली नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. आंबवल्याने वनस्पतीतले विष जातेच असे नाही. उलट पाण्यात न उतरणारी काही द्रव्ये मद्यार्कात विरघळतात. कण्हेरीसारख्या झाडाची साल चुकून पडली तर हृदयावर घाला येतो, आणि पेल्यातल्या गोडव्यावरून ते ओळखू येत नाही.

कौटिल्याने कुटुंबवत्सल गृहस्थांना धर्मकृत्यांसाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा दिली आहे. पण रोगांवरच्या अरिष्टांची प्रमाणे त्याने स्वतः दिली नाहीत. ती चिकित्सकांची धरावीत, असे सांगितले. जिथे चूक जिवावर बेतेल तिथे त्याने पोथी बाजूला ठेवून जाणत्याकडे बोट दाखवले आहे, असे मला वाटते.

धायटीच्या फुलांकडे पाहिले की हे पटते. आसव-अरिष्टे आंबवण्यासाठी वैद्य आजही ती वापरतात. तिथे नाव, फूल आणि उपयोग यांची साखळी पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत आली आहे. मेषशृंगीच्या बाबतीत ती तुटली. तुटलेल्या साखळीचे नुसते नाव हाती धरून बाजारातून साल आणणे म्हणजे परंपरा पाळणे नव्हे. तो जुगार आहे.

स्नेह्यांना मी कळवले, मैरेय राहू द्या. त्याच अध्यायातले कवठाचे आसव करून पाहा. कवठ कोणते, याबद्दल अजून कुणाचे दुमत नाही.