अरबी न जाणणाऱ्याचे पैगंबरचरित्र

आँरी द बुलँव्हिलिए या फ्रेंच सरदाराने लिहिलेले मुहंमद पैगंबरांचे चरित्र त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७३० साली, अपूर्णावस्थेतच प्रसिद्ध झाले. इस्लामचा उगम भोंदूगिरीत आहे, असे मानण्याची तेव्हा युरोपात रूढीच होती. हम्फ्री प्रिडोचे १६९७ मधील चरित्र हा तिचा ठळक नमुना. बुलँव्हिलिएला मात्र पैगंबरांत द्रष्टा कायदेकर्ता दिसला. गंमत अशी, की त्याला अरबी येत नव्हती! ज्याला ती येत होती, त्या ऑक्सफर्डच्या झाँ गान्येने १७३२ मध्ये अरबी साधनांवर आधारलेले चरित्र लिहून त्याचे खंडन केले. आम्हांस वाटते, बुलँव्हिलिएच्या अरबस्तानात फ्रान्सच अधिक आहे. पुरोहितांवाचून चालणारा धर्म त्याला हवा होता. परंतु पूर्वग्रहाला तडा गेला तो या अर्धवट माहितीच्या सहानुभूतीने. पुढे १७४१ मध्ये व्होल्तेअरने आपल्या नाटकात पैगंबरांना पुन्हा भोंदूच ठरवले.