बडोद्याच्या तीन जागा आणि प्रतिनिधित्वाचे प्रमाण

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात धारासभा, म्हणजे कायद्यांचा विचार करणारे मंडळ, स्थापन केले. मात्र तिची सदस्यसंख्या लोकसंख्येच्या कोणत्याही सूत्रातून नव्हे, तर दरबाराच्या निर्णयातून ठरत असे. १९४६ च्या त्रिमंत्री योजनेने संविधान सभेसाठी साधारणतः दहा लाख लोकांमागे एक प्रतिनिधी हे प्रमाण घातले, तेव्हा १९४१ च्या जनगणनेनुसार २८,५५,०१० लोकसंख्या असलेल्या बडोद्याच्या वाट्याला तीन जागा आल्या. दिवाण ब्रजेंद्रलाल मित्तर यांच्यासह संस्थानाचे प्रतिनिधी २८ एप्रिल १९४७ रोजी संविधान सभेत दाखल झाले.

या सभेपुढे पुढे जो प्रश्न आला, तो कायदेमंडळाने लोकसंख्येबरोबर वाढत जावे की नाही, हा होता. मंडळ लहान ठेवले तर प्रतिनिधी मतदारांपासून दुरावतो आणि ते अमर्याद वाढू दिले तर विचारविनिमय अशक्य होतो, या दोन्ही चिंतांना राज्यघटनेने एकाच वेळी स्थान दिले. विधानसभेसाठी ७५,००० लोकांमागे एकाहून अधिक सदस्य नसावा आणि एकूण संख्या ६० ते ५०० असावी, असे ठरले. हे प्रमाण सदस्यसंख्येला वरून बांध घालणारे होते, किमान प्रतिनिधित्वाची हमी देणारे नव्हते. लोकसभेच्या बाबतीत मात्र साडेसात लाख लोकांमागे किमान एक प्रतिनिधी अशी खरी हमी होती, आणि तिच्याच जोडीला ५०० सदस्यांची कमाल मर्यादाही होती.

ही दोन्ही बंधने फार काळ एकत्र नांदणे शक्य नव्हते, कारण ५०० सदस्य आणि साडेसात लाख यांचा गुणाकार साडेसदतीस कोटी होतो, तर १९५१ ची जनगणना ३६ कोटींवर पोहोचली होती. मर्यादा आणि हमी यांपैकी एकीचा त्याग करण्याची वेळ आली, तेव्हा १९५२ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने हमी काढून टाकली. विधानसभेचे ७५,००० चे प्रमाणही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गेले.

बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० पासून गुजरातचा भाग बनले. या राज्याची विधानसभा १९६२ मध्ये १५४, १९६७ मध्ये १६८ आणि १९७५ मध्ये १८२ सदस्यांची झाली, म्हणजे तोवर ती लोकसंख्येच्या मागोमाग वाढत होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही स्थगिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. कुटुंबनियोजनात यशस्वी ठरलेल्या राज्यांच्या जागा घटू नयेत, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. परिणामी गुजरातेत एका आमदारामागे १९७१ च्या गणनेनुसार सुमारे दीड लाख लोक होते, ते २०११ मध्ये सव्वातीन लाखांच्या पुढे गेले. संस्थापकांनी दोन्ही तत्त्वे कागदावर समान ठेवली असली, तरी त्यांच्यातील संघर्ष प्रत्येक वेळी सभागृहाच्या आकाराच्या बाजूने सुटला आणि त्याची किंमत मतदार व प्रतिनिधी यांच्यातील वाढत्या अंतराच्या रूपाने मोजावी लागली.