पाटलिपुत्राच्या तटाबाहेर

राजधानीचा इतिहास म्हणजे राजवंशांची यादी, असे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठरवून टाकले आहे. नंद गेले, मौर्य आले. शुंग गेले, गुप्त आले. पाटलिपुत्राचा इतिहास वाचताना मला मात्र एकच प्रश्न छळतो: या नगरीच्या तटाबाहेर कोण राहत होते?

नगरीचा जन्मच तटापासून झाला. बुद्ध अखेरच्या प्रवासात पाटलिग्रामी आले, तेव्हा मगधाचे अमात्य सुनीध आणि वस्सकार वज्जींच्या गणराज्याविरुद्ध तेथे तटबंदी उभारत होते, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. या नगरीला आग, पाणी आणि आपसांतील फूट यांपासून भय आहे, हे बुद्धाने तेव्हाच सांगितले. पुढे उदायीने राजगृहाहून राजधानी येथे आणली. पुराणांनी ज्याला शूद्र स्त्रीचा पुत्र म्हटले, तो महापद्म नंदही याच मगधाचा सम्राट.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास मेगॅस्थेनिसने येथला लाकडी तट, ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज नोंदवले. बुलंदीबागेत त्या लाकडी तटाचे अवशेष निघाले. भारतात गुलाम नाहीत, असेही तो लिहून गेला. पण अशोकाचा नववा शिलालेख दासांना आणि चाकरांना नीट वागवा, असे बजावतो. दास नव्हतेच, तर हा उपदेश कोणासाठी?

आता दोन ग्रंथांतला एकच शब्द पाहा. बाराव्या शिलालेखात अशोक सर्व ‘पासंडां’चा, म्हणजे सर्व पंथांचा आदर करायला सांगतो. अर्थशास्त्राच्या काळाबद्दल आणि कर्त्याबद्दल वाद आहेत. पण त्यातला दुर्गनिवेशाचा नियम स्वच्छ आहे: पाषंड आणि चांडाळ यांनी स्मशानाच्या कडेला राहावे. वेद न मानणारा आणि जातीने टाकलेला, दोघांना एकच जागा! ज्या शब्दाला अशोकाने मान दिला, तो पुढे ‘पाखंडी’ ही शिवी झाला. मराठीत आपण ती आजही वापरतो. प्रतिक्रांती फक्त सिंहासनावर होत नाही, ती भाषेतही होते.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान आला. अशोकाचा राजवाडा भुतांनी बांधला, असे त्याला सांगण्यात आले. ज्या माणसांनी दगड वाहिले, त्यांची अशी भुते झाली! मध्यदेशातले चांडाळ नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात, हेही त्यानेच लिहिले. तो आवाज आपल्या वस्त्यांना अनोळखी नाही. पण याच नगरीत गरीब, अनाथ, अपंग यांवर फुकट उपचार होत, हीही त्याचीच साक्ष. १९५१ ते ५५ च्या कुम्रहार उत्खननात आरोग्यविहाराच्या भिक्षुसंघाची मुद्रा सापडली. म्हणजे बहिष्कार आणि करुणा एकाच थरात नांदत होत्या.

या थरांवर १५४१ मध्ये शेरशहाचा किल्ला उभा राहिला, १७०४ मध्ये अझीमाबाद हे नाव आले, १९१२ मध्ये बिहारची राजधानी पाटणा झाली. कुम्रहार खणणारे स्पूनर आणि अळतेकर आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांच्या हातात कुदळ होती, ते ठाऊक नाहीत.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे आहे: राजधानी वाचायची तर सिंहासनापासून नको, स्मशानाच्या कडेपासून वाचा. तेथून तट उंच दिसतो, आणि तो कोणी बांधला हेही दिसते.